कोऱ्या अंगाची बाई

६ जानेवारी २०१८, शनिवार

पोचली एकदाची. गोंदियाहून सकाळची गाडी. रायपूर टेसनावर पायल घ्यायले आली होती. तेलीबांध्याच्या तलावाजवळ गाडी थांबवून मले चहा पाजला, मग नव्या रायपुरात आणलं. बाप्पा, काय रस्ता! इतका रुंद की पलीकडे जायचं तर भाकर बांधून घ्यावी. माणूस मात्र औषधाले नाही. एक बाई झाडू मारताना दिसली तेव्हा कुठे बरं वाटलं, म्हटलं वस्ती आहे.

पायल माझी नात, अश्विनची पोट्टी. तिची माय गेली तेव्हा ही दोन वर्षांची. अश्विनने दुसरं घर केलं आणि पोट्टी माझ्या पदरात टाकून मोकळा झाला. तिचा आजा हिरालाल रेल्वेत गँगमन, मी बाजारात बंड्या-झबली शिवून विकायची. त्याच्यातच वाढली. आता लॅबमध्ये मॅडम आहे. मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. मी मराठीत शिव्या देते, ती हिंदीत हसते. आमचं बरं चालते.

घर तिसऱ्या माळ्यावर. खालून लिफ्ट आहे, पण तिच्यात बसलं की पोट गळ्यात येते, म्हणून मी जिन्याने चढली. जवसाची चटणी आणि सांडगे आणले ते तिने उभ्याउभ्याच खाल्ले. ही वहीसुद्धा तिनेच दिली. रोज लिहायचं म्हणे, किती वाजता काय घातलं, हात कशाले लावला. माझं शिक्षण चौथी, तेही मास्तर मारत नव्हता म्हणून झालं. पण लिहीन. एवढ्या मोठ्या घरात बोलायले दुसरं कोण आहे?

८ जानेवारी, सोमवार

आज तिचं काम समजून घेतलं. शहराबाहेर एक कारखाना आहे. तिथे रसायनाचे रिकामे ड्रम धुतात. धुणाऱ्या सहा बायका. ते पाणी त्यांच्या अंगावर किती उडते, चामडीत किती जाते, हे पायल मोजते. मी म्हटलं, चामडी मोजायचा धंदा पहिल्यांदा ऐकला. कसायाकडेसुद्धा चामडी विकतात, मोजत नाहीत.

मोजायची रीत अशी. बाईले आतून पांढरी सुती बंडी घालायची, पूर्ण बाह्यांची. दिवसभर जे उडते ते सुतात मुरते. संध्याकाळी बंडीचे तुकडे कापून लॅबमध्ये तपासतात. दुसरी रीत म्हणजे ड्रमात एक चमकी मिसळतात. उजेडात ती दिसत नाही. अंधारात जांभळा दिवा धरला की चामडीवर जिथे लागली तिथे हिरवी पेटते.

आता ह्याच्यात माझं काय काम? तर ज्या बाईच्या अंगाले काहीच लागलं नाही अशा एकीच्या बंड्यासुद्धा पाहिजेत म्हणे, ताडून पाहायले. कोऱ्या अंगाची बाई. ती मी. सहा बंड्या आणल्या, एकेक दिवस घालायची. गळ्याजवळ लाल दोऱ्याने एक ते सहा नंबर मलेच टाचायले लावले. आनंदाने टाचले. किती दिवसांनी हातात सुई आली.

९ जानेवारी, मंगळवार

बंडी नंबर एक. सकाळी सातले घातली, संध्याकाळी सहाले काढली. पोळ्या केल्या, तांदूळ निवडले, कपडे वाळत घातले. हाताले काही लागलं नाही.

पायल आल्यावर न्हाणीत गेलो, दार लावलं, दिवा विझवला. तिने जांभळा दिवा माझ्यावर फिरवला. कुठेच काही नाही, नुसता अंधार. दादी, आप तो एकदम कोरी हो, म्हणे. मी म्हटलं, सत्तर वर्षांत हे कोणी पहिल्यांदा म्हटलं.

बंडीचे छाती-बाह्यांचे तुकडे कापून पिशवीत टाकले. गळा आणि नंबर तेवढा घरी राहिला, कपाटात. मी वही लिहिली की ती मोबाइलमध्ये तिचा फोटो काढते. रेकॉर्ड म्हणे.

१२ जानेवारी, शुक्रवार

बंडी नंबर चार. सातपासून सहापर्यंत. मेथी निवडली. खाली दोन फेऱ्या मारल्या. हाताले काही लागलं नाही. दिव्यात काही नाही.

पायल खुशीत आहे. तिची नोकरी ह्या महिन्यात पक्की होणार. लॅबच्या सरांनी तिच्यावर सगळं सोपवलं आहे. चार बंड्यांचे तुकडे उद्या जमा करणार. जेवताना माझ्या पाठीवर डोकं टेकून बसली, लहानपणी बसायची तशी.

१५ जानेवारी, सोमवार

सकाळी उठली तर हाताची आग. मिरच्या कांडल्यावर होते तशी, पण मिरचीले तर मी हात लावला नाही. डाव्या हाताची बोटं, मानेचा मागचा भाग, दोन्ही गुडघे, आणि उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत. उजेडात पाहिलं. चामडी साफ. पुरळ नाही, लाली नाही.

पायलले सांगितलं. ती न्हाणीत घेऊन गेली, दिवा लावला. माझा उजवा हात हिरवा पेटला. कोपरापासून मनगटापर्यंत, खाली ओघळ आल्यासारखा. बोटंही पेटली. गुडघेही.

पायलने मोबाइल काढला. फोटो काढले. मग मले पाच नंबरची बंडी हातात दिली. मी म्हटलं, आज राहू दे. तर म्हणे चमकी माझ्या कपड्यांवरून आली असेल, पाण्याने जाते, दोनच दिवस राहिले. घातली.

१९ जानेवारी, शुक्रवार

समता कॉलोनीत डॉक्टरकडे नेलं. त्याने भिंग लावून पाहिलं आणि म्हातारपणी चामडी कोरडी पडते म्हणून मलम दिलं. मी म्हटलं, म्हातारी मी दहा वर्षांपासून आहे, आग चार दिवसांपासून आहे. तो पायलकडे पाहून हसला.

साबण, बेसन, राख, सगळं घासून झालं. दिव्यात अजून पेटते. आता पाठही पेटते, तळपायही. पाच आणि सहा घातल्यानंतरचं आहे हे.

आम्ही विहारात जाणारी माणसं. भूतखेत, करणी, उतारा, आमच्या घरात हा शब्दसुद्धा कोणी काढला नाही. म्हणून सरळ लिहिते. ही चमकी अंगात आली कुठून, ते मले पाहिजे.

२२ जानेवारी, सोमवार

पायल कामावर गेल्यावर दुपारी एक बाई दारात. सरिता नाव. तिशीची असेल. मॅडम हे का दाई, म्हणजे मॅडम आहे का माय, असं छत्तीसगढीत विचारलं. त्याच ड्रमच्या कारखान्यातली. लॅबच्या ड्रायव्हरकडून पत्ता काढून बस, मग पायी, अशी आली होती. पाणी दिलं. तिने पेला डाव्या हाताने धरला.

उजव्या हातावरचं फडकं तिने सोडलं तेव्हा मी डोळे मिटले नाहीत, पण मिटावेसे वाटले. कोपरापासून मनगटापर्यंत चामडी सोललेली. खाली ओघळ.

ती म्हणत होती, तपासणीत आम्ही सहाही बायका साफ निघालो. कागदावर लिहिलं आहे, अंगाले काही लागत नाही. म्हणून कारखाना दवाखान्यात पाठवत नाही. म्हणतात घरी चुलीवर भाजलं असेल. मॅडमनी एकदा हात पुन्हा पाहावा, एवढंच मागायले आली होती. मी म्हटलं, तुझा नंबर किती? चार, म्हणे.

तिले न्हाणीत नेलं. दार लावलं, जांभळा दिवा लावला. तिचा सोललेला हात अंधारात कोरा. माझा साफ हात तिच्या बाजूले धरला, तो पेटला. तीच जागा. तोच ओघळ.

सरिता हात झटकून बाहेर पळाली. चप्पल विसरून गेली.

२३ जानेवारी, मंगळवार

पायल न्हायले गेली तेव्हा तिची फाईल उघडली. अक्षर लावत लावत वाचली. माझ्यासाठी त्यात कुठेच जागा नाही. कोऱ्या बाईचा रकानाच नाही. सहा नंबर, सहा नावं, सगळ्यांपुढे शून्य. सहाही माझ्या बंड्या.

मागे सहा जणींचे जबाब जोडले आहेत. चार नंबर, सरिता: आज मेथी निवडली, हाताले काही लागलं नाही. हे मी लिहिलं होतं. ह्या वहीत. माझ्या अक्षरांतून सहा बायका बोलत्या केल्या पोट्टीने.

आणि एक जुना कागद. माणसाची नुसती रेघांची आकृती, समोरून आणि पाठीमागून. आधी झालेल्या खऱ्या तपासणीची. बोटं, मान, गुडघे, हात, पाठ, तळपाय, लाल पेनाने रंगवलेले. बाजूले नंबर, एक ते सहा.

ती केस पुसत बाहेर आली.  फाईल जागच्या जागी ठेवली. खोटं धरायचं तर आधी पूर्ण धरावं.

२७ जानेवारी, शनिवार

सरिता पुन्हा आली. हसत. केळीच्या पानात गरम फरा, तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या वळ्या, घेऊन. उजवा हात उघडा, नितळ. नवी कोवळी चामडी. रातोरात भरलं म्हणे, सहाही जणींचं भरलं. दाई, तुम्ही काय केलं?

मी माझा हात पदराखाली झाकला. सकाळीच तिथे पहिला फोड आला होता. उजेडातला, खरा.

मले खात्री पाहिजे होती. तिले खुर्चीवर बसवलं. कपाटातून चार नंबरचा गळा काढला आणि कात्रीने लाल नंबर उसवला. एक टाका, दोन टाके. तिसऱ्याले सरिता किंचाळली. तिच्या हातावर चामडी अशी उठली जशी तव्यावर पोळी फुगते. माझी आग त्या घडीले बंद. एकदम गार.

सुई ओवायले तीन वेळा चुकली. नंबर परत टाचला. सरिताचा हात बसला. माझा पेटला.

ती जमिनीवर बसून रडत होती. मी म्हटलं, उठ, फरा थंडा होऊन राहिला. दुसरं काय बोलू?

२९ जानेवारी, सोमवार

पायलले समोर बसवलं, सगळं विचारलं. लपवलं नाही तिने. सर म्हणे, आकडे वाईट आले तर कारखाना बंद, सहा बायकांचं काम जाईल, तुझंही. म्हणून तिने साफ आकडे आणले. पहिले माझ्या जवळ बसून रडली. मी डोक्यावर हात ठेवला, खोटं कशाले लिहू.

मग विचारलं, माझ्या अंगावर हे तुले केव्हा कळलं? ती खाली पाहत म्हणे, पहिला फोटो काढला त्याच दिवशी. आकृतीसोबत ताडून पाहिलं होतं.

म्हणजे सोमवारी. आणि मंगळवारी सहावी घालायची होती.

मग मले पाच आणि सहा कशाले घालायले लावली, हे विचारलं. ती मलम घेऊन माझ्या बोटांले लावत बसली.

५ फेब्रुवारी, सोमवार

पायलने चाळीस बंड्या आणल्या. दुसरा कारखाना आहे. बॅटरीचा.

समजावून राहिली. दादी, सोचो, चाळीस घरांतले लोक बरे होतील. तुमचं वय झालं, त्यांची लेकरं लहान आहेत. बोलताना डोळे कोरडे. मी म्हटलं, एवढी दया आहे तर तू घाल. ती म्हणे, मी कारखान्यात जाते, माझं अंग कोरं कुठे आहे.

नाही म्हटलं. गठ्ठा दाराबाहेर ठेवला. ती शांतपणे उचलून आत घेऊन गेली.

८ फेब्रुवारी

डाव्या हाताची दोन बोटं चिकटली. पेन मुठीत धरून लिहिते. सहा जणींचं आहे ते माझंच, त्याले मी नाही म्हणत नाही. सरिताच्या हातावर ते फुगताना पाहिलं आहे.

पण आता खांदाही जळतो. पोटही. हे त्या सहांत नव्हतं.

११ फेब्रुवारी, रविवार

सापडलं.

माझ्या पोलक्याच्या आत, काखेत. पांढऱ्या कापडाची चिंधी, नंबर अकरा. परकराच्या नेफ्यात तीन. उशीच्या खोळीत आठ. गोधडीच्या शिवणीत — मोजणं सोडून दिलं. चाळीसही असतील.

मी न्हायले गेली की, मी झोपली की. टाका बारीक, उलटा, गाठ आतून. मीच शिकवलेला. सात वर्षांची होती, बोटात सुई गेली तर रडली नव्हती पोट्टी.

कात्री हातात घेतली. ठेवली. कोणाचं लेकरू फुगेल, काय मालूम.

१३ फेब्रुवारी

लुगडं अंगाले लागू देत नाही. पायल पेज भरवते. चमच्याने. प्रेमाने. तोंड पुसते. वहीचा फोटो काढते अजून —

आता काढत नाही. अक्षर लागत नाही म्हणे.

१४ फेब्रुवारी

ती नंबर लावते. मी नाव लावीन.

तिचा हिरवा कुर्ता, उद्याच्या मोठ्या मीटिंगसाठी इस्त्री केलेला. गळ्याच्या आत चिंधी टाचली. माझं नाव, शांता. लाल नाही, हिरवाच दोरा. दोन अक्षरांएवढी जागा, दोन तास लागले. रक्त लागू दिलं नाही.

एक दिवस. एकच दिवस कळू दे तिले. संध्याकाळी उसवीन.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नऊ. कुर्ता खुंटीवर नाही. ती गेली.

साडेअकरा. गार. अंगावर कोणी ओला पदर टाकल्यासारखं. बोटं सुटली. फोड बसून राहिले डोळ्यांसमोर. किती दिवसांनी पेन नीट धरला. पहा, ओळ सरळ आली.

चहा केला. दोन कप प्याली. पायलची आठवण आली तर मन घट्ट केलं. तिने पाच आणि सहा घालायले लावली होती.

दुपारी एक. दार वाजलं. पायल.

पिवळ्या कुर्त्यात. चेहरा नितळ. हात नितळ. माझे हात उलटेपालटे करून पाहिले आणि हसली. आजी, बरं वाटते न आता, म्हणे. मराठीत.

टाका तिने सकाळीच ओळखला होता.

हिरवा कुर्ता सरिताले दिला. मीटिंगमध्ये साहेबांसमोर हात दाखवायले आली होती ती, साफ झाले म्हणून सांगायले. नवा कपडा पाहून खूश झाली म्हणे. तिथेच घातला. सांगताना पायल माझे केस विंचरून राहिली होती. आता सहा आणि चाळीस, सगळं एका ठिकाणी, आणि आपल्या घरात नाही. तिले वाटते मी खूश होईन.

तिचा फोन वाजला. लॅबमधून. ती बाल्कनीत गेली, पण ऐकू आलं. कोणी बाई पडली. कोणी हात लावायले तयार नाही. कुर्ता अंगाले चिकटला, निघत नाही —

इथून बस नाही. बाहेरून कडी लावून गेली पायल. दोनदा पाहिलं.

कुर्ता तिथे. कात्री इथे. उसवता येत नाही.

टाचता येते.

कोरी बंडी घातली. चिंधी गळ्याजवळ धरली. लाल दोरा ओवला. पहिल्या खेपेले ओवला गेला, हात चांगले आहेत न आता. सरिताचं नाव टाचते, तिच्या अंगावरचं सगळं परत माझ्यावर येईल. पायलची चाहूल येते जिन्यावर, परत आली. येऊ दे.

स झाला. गरम लागते.

रि ची वेलांटी काढून राहिली. बोटं — पेन दातात धर — नाही, मुठीत —

रि झाली

एकच अक्षर राहि